उएनोची टेकडी : देवस्थान आणि संग्रहालय यांची एक भेट

(तोयोसु, जपान येथून ध्वनिमुद्रित करून पाठविलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गेले तीन महिने मी माझ्या मुलीकडे, टोकियोतील तोयोसु या भागात राहत आहे. येत्या सुक्कोथनंतर आपल्यापैकी दोन कुटुंबे जपान पाहण्यास येणार आहेत. उएनो येथील जुने देवस्थान आणि संग्रहालय एका दिवसात कसे पाहावे, याची आखणी करून द्या, असा त्यांचा निरोप आला. त्याच आठवड्यात आपल्या मंडळाचे पत्रही मिळाले. कोकणातील आपल्या एका बंद पडत चाललेल्या मशिदीचे पुढे काय करावे, तिचे संग्रहालय करावे काय, याविषयी सर्व सभासदांचे मत त्यात विचारले आहे. प्रथम हे दोन विषय मला वेगवेगळे वाटले. आखणी करू लागले तेव्हा ते एकच आहेत असे दिसून आले. म्हणून दोन्हींचे उत्तर एकत्र देत आहे.

ज्या तोयोसुहून मी बोलत आहे, ती जमीन मूळची नव्हे. 1923 साली टोकियोत मोठा भूकंप झाला आणि त्यामागून आगी लागल्या. त्या पडझडीचा राडारोडा समुद्रात टाकून जी भर घातली गेली, तिच्यातून हा भाग उभा राहिला, आणि 1937 साली त्याला तोयोसु हे नाव मिळाले. पुढे येथे जहाजबांधणीचा कारखाना होता, गॅसचा कारखाना होता. आता उंच इमारती आहेत, आणि 2018 साली त्सुकिजीहून हलविलेला मोठा मासळीबाजार आहे. आपल्या मुंबईच्या भरावाची आठवण यावी असाच हा भाग आहे. मात्र येथे जुने असे काही शोधावयास जावे तर सापडत नाही. माझी अकरा वर्षांची नात या नव्या जमिनीवर वाढत आहे. तिला जुने काही दाखवावे म्हणून मी तिला घेऊन प्रथम उएनोला गेले.

तोयोसुहून उएनो दूर नाही. युराकुचो मार्गाच्या भुयारी गाडीने चौथे स्थानक युराकुचो. तेथे गाडी बदलून जमिनीवरील यामानोते मार्गाने पाचवे स्थानक उएनो. बाहेर पडताना उद्यानाकडील दरवाजा विचारावा, म्हणजे जिने कमी चढावे लागतात. वार निवडताना आपला शब्बाथ तर टाळावयाचाच, पण सोमवारही टाळावा, कारण सोमवारी संग्रहालय सहसा बंद असते. माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांना संग्रहालयाच्या नेहमीच्या दालनांचे तिकीट पडत नाही. वयाचा पुरावा म्हणून पारपत्र मात्र जवळ ठेवावे. जेवणाचा डबा घरून न्यावा. आम्ही चपात्या आणि बटाट्याची भाजी नेली होती, आणि उद्यानातील बाकावर बसून खाल्ली.

एवढी माहिती कोणीही सांगेल. मला सांगावयाचे आहे ते पाहण्याच्या क्रमाविषयी. बहुतेक प्रवासी स्थानकावरून निघून थेट संग्रहालयात शिरतात, तेथे थकतात आणि परत जातात. आम्हीही पहिल्या खेपेस तसेच केले. बाहेर आल्यावर नातीने विचारले, "आजी, इथे आधी काय होतं?" मला उत्तर देता आले नाही. परिचारिकेच्या नोकरीत मी एक शिस्त शिकले होते. रुग्ण समोर आला की आजचा ताप पाहण्याआधी मागचा इतिहास विचारावयाचा. त्या दिवशी मी तीच विसरले होते. दुसऱ्या खेपेस जाण्यापूर्वी मी वाचन केले, आणि त्यातून जे कळले ते आता सांगते.

ज्या टेकडीवर आज उद्यान, संग्रहालये आणि प्राणिसंग्रहालय आहे, ती सारी टेकडी एकेकाळी एका बौद्ध देवस्थानाची होती. त्याचे नाव कान्एइ-जी. टोकियोचे नाव तेव्हा एदो होते आणि तेथे तोकुगावा घराण्यातील शोगुन राज्य करीत होते. 1625 साली तेन्काई नावाच्या धर्मगुरूने या देवस्थानाची स्थापना केली. शोगुनच्या किल्ल्याच्या ईशान्येला ही टेकडी आहे. ईशान्येकडून अनिष्ट येते अशी तेथील समजूत होती, म्हणून त्या दिशेला रक्षणासाठी देवस्थान. क्योतोच्या ईशान्येला हिएई पर्वतावर असेच मोठे देवस्थान आहे. त्याच्या धर्तीवर या टेकडीला 'पूर्वेचा हिएई' असे नाव दिले गेले. क्योतोजवळच्या बिवा सरोवराची आठवण म्हणून टेकडीखालच्या शिनोबाझु तळ्यात बेट करून तेथे बेंतेनचे देऊळ बांधले. ही बेंतेन म्हणजे आपल्याकडील सरस्वतीच होय. बौद्ध धर्माबरोबर ती भारतातून चीनमार्गे तेथवर पोहोचली.

भरभराटीच्या काळात या देवस्थानाचे आवार आजच्या उद्यानाच्या सुमारे दुप्पट होते. पंधरा शोगुनांपैकी सहा जण येथे पुरले गेले. सत्ताधाऱ्यांचा आश्रय एवढा मोठा होता, आणि संकट आले ते त्या आश्रयातूनच.

1868 साली शोगुनची सत्ता गेली आणि सम्राटाच्या नावाने नवे सरकार आले. शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबु काही काळ याच देवस्थानात स्वतःला कोंडून घेऊन राहिला होता. तो निघून गेल्यावरही त्याच्या पक्षाचे शोगीताई नावाचे सैनिक टेकडीवर ठाण मांडून राहिले. 4 जुलै 1868 रोजी नव्या सरकारच्या सैन्याने टेकडीवर हल्ला केला. तळ्यापलीकडून तोफा डागल्या. लढाई एका दिवसात संपली. 1698 साली बांधलेले मुख्य मंदिर आणि बहुतेक इमारती जळून गेल्या. देवस्थानाची जमीन सरकारजमा झाली.

यापुढची हकीकत वाचताना मला, एका जुन्या परिचारिकेला, विशेष कुतूहल वाटले. त्या जळक्या टेकडीवर वैद्यकीय विद्यालय आणि रुग्णालय उभारावे असा सरकारचा विचार होता. 1870 साली बाउदुइन नावाच्या डच डॉक्टरला जागा पाहण्यास बोलाविले. त्याने टेकडीवरची झाडे पाहिली आणि सल्ला दिला की येथे रुग्णालय बांधू नका, ही जागा लोकांसाठी उद्यान म्हणून राखा. त्याचे म्हणणे मान्य झाले आणि 1873 साली उएनो हे सार्वजनिक उद्यान म्हणून जाहीर झाले. रुग्णालय नको म्हणणाऱ्या डॉक्टरचा मला प्रथम थोडा रागच आला. पण शहराला मोकळी हवा मिळणे हाही आरोग्याचाच भाग आहे, हे नोकरीत असताना मी स्वतः कितीदा तरी सांगितले होते. उद्यानात त्याचा अर्धपुतळा आहे. 1973 साली बसविलेला पुतळा चुकून त्याच्या भावाच्या छायाचित्रावरून घडविला गेला होता. ती चूक 2006 साली दुरुस्त झाली आणि आज तेथे खरा डॉक्टर आहे. नाव लिहून न ठेवलेल्या जुन्या छायाचित्रांचे काय होते, हे आपल्या घरांतील पेट्या उघडल्या तरी कळेल.

संग्रहालयाची सुरुवातही एका धर्मस्थानातच झाली. 1872 साली टोकियोतील युशिमा येथील कन्फ्यूशियसच्या मंदिरात सरकारने वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरविले. जपानचे राष्ट्रीय संग्रहालय आपला जन्म त्या प्रदर्शनापासून मोजते. 1882 साली ते उएनोला आले. कान्एइ-जीच्या प्रमुख धर्मगुरूंचा वाडा ज्या जागी होता, तेथेच त्याची इमारत उभी राहिली. 1923 च्या भूकंपात ती खिळखिळी झाली. सध्याची मुख्य इमारत 1938 साली उघडली. म्हणजे आपण ज्या दालनात उभे राहून बुद्धमूर्ती पाहतो, त्याच जमिनीवर कधीकाळी धर्मगुरू राहत होते.

आपल्याला, महाराष्ट्रातील माणसांना, ही गोष्ट नवखी वाटू नये. कार्ल्याची लेणी आपण सहलीत पाहिलेली आहेत. चैत्यगृह पुरातत्त्व खात्याकडे आहे. तेथे तिकीट काढून जावयाचे, खांब पाहावयाचे आणि परत फिरावयाचे. त्याच्या दाराशीच एकवीरा आईचे देऊळ आहे. तेथे कोळी बांधव आजही पालखी घेऊन येतात. एकाच खडकावर एक पाहण्याची जागा आहे आणि एक पुजण्याची. उएनोला तसेच आहे, हे मला दुसऱ्या खेपेस उमगले.

म्हणून माझी आखणी अशी आहे. सकाळी प्रथम संग्रहालयाच्या पूर्वेला एक काळा जुना दरवाजा आहे, तेथे जावे. धर्मगुरूंच्या वाड्याचा हा दरवाजा लढाईतून वाचला. काही काळ तो संग्रहालयाचेच प्रवेशद्वार होता आणि नंतर आजच्या जागी हलविला गेला. त्याच्या लाकडावर गोळ्यांच्या खुणा आहेत. कोणी त्या बुजविल्या नाहीत.

तेथून उद्यानाच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या कारंज्याकडे यावे. जळालेले मुख्य मंदिर या ठिकाणी होते. आता मुले तेथे पाण्याशेजारी खेळतात. मग छोट्या चढावर 'उएनोचा महाबुद्ध' पाहावा. सतराव्या शतकातील ही भव्य मूर्ती होती. 1923 च्या भूकंपात तिचे मस्तक खाली पडले. पुढे युद्धकाळात धातू हवा म्हणून धड वितळविले गेले. केवळ चेहरा उरला, तो 1972 साली भिंतीवर बसविला. परीक्षेला बसणारे विद्यार्थी आता त्याच्यापुढे येतात. जो एकदा पडला तो पुन्हा पडणार नाही, तेव्हा आम्हीही परीक्षेत पडणार नाही, अशी त्यांची भाबडी आशा. तेथून प्राणिसंग्रहालयाच्या कुंपणापलीकडे 1639 चा पाचमजली मनोरा दिसतो. नव्या सरकारने शिंतो आणि बौद्ध स्थाने वेगळी करण्याचा हुकूम काढला, तेव्हा शिंतो देवस्थानाच्या आवारातील हा बौद्ध मनोरा पाडला जाणार होता. त्या देवस्थानाच्या पुजाऱ्याने सरकारला कळविले की मनोरा आमचा नसून कान्एइ-जीचा आहे, आणि मनोरा वाचला.

दुपारी जेवण करून संग्रहालयात जावे. सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. माझ्या मते एकच दालन नीट पाहावे, ते होर्यू-जीच्या ठेव्याचे. होर्यू-जी हे नारा भागातील अतिप्राचीन बौद्ध देवस्थान. 1868 नंतरच्या काळात अनेक बौद्ध देवस्थानांची मोडतोड झाली, उत्पन्न बुडाले. होर्यू-जीकडे दुरुस्तीलाही पैसा राहिला नाही. तेव्हा 1878 साली त्यांनी आपल्याजवळचे तीनशेहून अधिक मौल्यवान जिन्नस सम्राटाच्या घराण्याला अर्पण केले आणि त्यांना 10,000 येन मिळाले. त्यातून देवस्थान सावरले. आज ते जिन्नस उएनोला आहेत, आणि होर्यू-जी नाराला उभे असून तेथे उपासना चालू आहे. 1999 साली बांधलेल्या या दालनात मंद उजेड आहे. एका खोलीत वीतभर उंचीच्या सोनेरी मुलाम्याच्या मूर्ती ओळीने, प्रत्येक स्वतंत्र काचेच्या पेटीत, ठेवलेल्या आहेत.

त्या खोलीत नात हळूच म्हणाली, "आजी, यांना इथे एकटं नाही का वाटत?" मूर्तिपूजा आपल्या धर्मात नाही, आणि त्या मूर्तींपुढे मी हात जोडले नाहीत. तरी तिच्या प्रश्नाने मला आपल्या हेखालची आठवण झाली. कोचीच्या कडवुंभागम सिनेगॉगचे लाकडी अंतरंग आज येरुशलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे. ते उत्तम राखले आहे, हजारो लोक ते पाहतात, आणि तसे झाले नसते तर वाळवीने खाल्ले असते. तेथे नेणाऱ्यांचे आपण ऋणीच आहोत. पण त्या तेव्यावर उभे राहून आता कोणी हजान पाराशा वाचीत नाही.

संग्रहालयातून दुपारी तीनच्या सुमारास निघावे आणि मागच्या बाजूने चालत कान्एइ-जीच्या आजच्या मुख्य मंदिरात जावे. वाटेत कबरस्तान लागते. हे मंदिर पाहण्यास प्रवासी फारसे येत नाहीत. त्याची इमारतही मूळची नव्हे. जमीन गेली, मंदिर जळाले, पण धर्मगुरू आणि भाविक राहिले. त्यांनी कावागोए गावच्या एका देवस्थानातील 1638 चे जुने सभागृह 1879 साली उचलून येथे आणले आणि त्यात उपासना पुन्हा सुरू केली. तेथील मुख्य मूर्ती भैषज्यगुरूची, म्हणजे रोग बरे करणाऱ्या बुद्धाची आहे, आणि ती पडद्याआड असते. आम्ही गेलो तेव्हा एक वृद्ध स्त्री पायरीशी उभी होती. तिने जोडे काढले, आम्हीही काढले. तिने मान लवविली, मी स्वस्थ उभी राहिले. रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात बसलेल्या बायकांचे असते तसे तिचे तोंड होते. मी मनातल्या मनात माझ्या भाषेत, माझ्या देवाजवळ, तिच्या आजाऱ्यासाठी रफुआ मागितली. आजारी कोण, हे मला ठाऊक नाही. कदाचित कोणीही नसेल.

आता आपल्या मशिदीविषयी.

आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले असे आपण मानतो. त्यानंतर शतकानुशतके कोकणात आपली एकही मशीद नव्हती. शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक आपल्याला शनवार तेली म्हणत. शेमा, सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नियम एवढ्या सामग्रीवर घराघरांतून धर्म टिकला. सामुएल एझिकेल दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत पहिली मशीद बांधली, ती आपली 'जुनी मशीद'. म्हणजे आपल्या इतिहासात आधी उपासक होते आणि इमारत मागाहून आली. येरुशलेमचे बेथ हमिक्दाश इसवी सन 70 मध्ये नष्ट झाले, त्यानंतरही इस्राएल राहिला तो याच रीतीने. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात आपण वीस हजारांच्या घरात होतो, आज काही हजार आहोत. कोकणातील खेड्यात मिन्यान जमत नाही, यात कोणाचा दोष नाही. माझीच मुलगी तोयोसुला आहे आणि मुलगा अश्दोदला.

म्हणून माझे मत असे. ती मशीद कुलुपात कुजू देण्यापेक्षा तिचे संग्रहालय करावे. त्याला माझी संमती आहे, पण चार अटींवर, आणि त्या मी उएनोत शिकले. पहिली, कोणतीही वस्तू बाहेर देण्यापूर्वी तिची लेखी यादी करावी, देणाऱ्याचे नाव लिहावे, छायाचित्रांच्या मागे नावे लिहावीत. बाउदुइनच्या पुतळ्याची चूक आपल्याकडे होऊ नये. दुसरी, वस्तूंच्या बदल्यात जो पैसा येईल तो, होर्यू-जीप्रमाणे, उपासना चालू ठेवण्यासाठीच खर्च व्हावा. तिसरी, दुरुस्ती करताना झिजलेल्या पायऱ्या आणि दिव्यांच्या काजळीचे डाग झाकू नयेत. काळ्या दरवाज्यावरच्या गोळ्यांच्या खुणांप्रमाणे तेही आपले कागदपत्रच आहेत. चौथी अट माझ्या दृष्टीने मुख्य आहे. सेफेर तोरा पेटीत ठेवू नये. तो जेथे मिन्यान आहे अशा मशिदीत न्यावा, आणि वर्षातून एक दिवस मुंबई, पुणे, ठाणे, पनवेल येथून दहा पुरुष व त्यांची कुटुंबे बस करून त्या गावी जावीत, सेफेर बरोबर न्यावा, तेफिला करावी आणि मलिदा करावा. त्या दिवशी प्रवाशांना तिकीट नसावे आणि दार उघडे असावे. येणाऱ्याने पाहावे की ही जागा अजून कोणाची तरी आहे.

असा दिवस ठरणार नसेल, तर संग्रहालयाच्या ठरावावर माझी सही धरू नये.

उएनोहून परतताना गाडीत नातीने पुन्हा विचारले, "आपली मशीद आहे का अशी, जुनी?" मी तिला गावाचे नाव सांगितले. माझ्या आईचे लग्न तेथे झाले होते, हेही सांगितले. तिने ते नाव वहीत देवनागरीत लिहिले, दोन चुका केल्या आणि मी त्या सुधारल्या. पेसाहच्या सुट्टीत ती भारतात येणार आहे. मंडळाने तोपर्यंत बसचा दिवस ठरवावा, अशी माझी नम्र विनंती आहे. स्त्रियांना मिन्यानमध्ये मोजत नाहीत, हे मी जाणते. डबा मात्र आम्हीच आणू.

शालोम.